ताणावर सोडलेली बाग

भगवंतरावांना कुणी चित्रकार म्हटलं की ते कानकोंडे व्हायचे. "नाही हो, आपलं असंच," म्हणायचे आणि कागद पालथा घालायचे. सगळी नोकरी त्यांनी अमरावतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. पुस्तक देणं, पुस्तक घेणं, आणि मधल्या वेळात वाचणं. निवृत्त होऊन मोर्शीला परत आले, वर्षभरात बायको गेली, आणि रिकाम्या घरात दिवस खायला उठला तेव्हा कधी काळी शाळेत सुटलेला रंगाचा डबा त्यांनी पुन्हा हातात घेतला. थंडी पडली की पिशवीत तो डबा आणि जाड कागद घालायचे, सायकल काढायची आणि ओमप्रकाशच्या संत्र्याच्या बागेत जाऊन बसायचं. दिवाळीपासून होळीपर्यंत हाच नेम.

ओमप्रकाश त्यांचा शाळेपासूनचा मित्र. खरं तर एकुलता एक. भगवंतराव जितके अबोल तितका तो बोलघेवडा, आणि एवढ्या वर्षांत दोघांचं जमलं ते बहुधा त्यामुळेच. बागेत चिंचेखाली त्याने एक बाज टाकून ठेवली होती. भगवंतराव त्या बाजेवर बसून पाखरं बघत, आणि ओमप्रकाश त्यांना बघत.

"भगवंता, तुह्या बुलबुलले शेपूट कुठी हाये?"

"उडाला तो. शेपटीपर्यंत आलोच नव्हतो मी."

"मंग आता लावून टाक ना. कोण पाह्यते?"

"मी पाह्यतो ना."

"धन्य हाये बाप्पा! लोकं गाढवाले शिंगं काढून राहिले अन् हा बुलबुलची शेपटी मोजून राहिला."

भगवंतराव हसायचे, पण शेपूट लावायचे नाहीत. त्यांचा एक नियम होता. समोर आहे तेवढंच काढायचं. फोटोवरून नाही, आठवणीवरून नाही, घरी नेऊन पूर्ण करणं नाही. आपल्याला कल्पना नाही, हात नाही, शिक्षण नाही. निदान खोटं तरी काढू नये, इतकाच त्यामागे विचार. त्यामुळे त्यांच्याकडे अर्धे बुलबुल बिनशेपटीचे होते, आणि एका हुदहुद पक्ष्याचा नुसताच तुरा होता. गावात मात्र हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं, आणि थट्टेथट्टेत का होईना, लोक म्हणत, की भगवंतरावांनी काढलं म्हणजे ते तिथे होतंच.

बाग ओमप्रकाशच्या वडिलांनी, नत्थुजींनी, लावलेली. ते गेल्यावर ती ओमप्रकाश आणि त्याची अकोल्याला दिलेली बहीण सुभद्रा, अशा दोघांच्या नावावर आली. मोर्शीचं गाव वाढत वाढत बागेच्या कुंपणाला येऊन टेकलं, तेव्हा ओमप्रकाशच्या मुलाने, मनोजने, अमरावतीहून प्लॉट पाडायचं टुमणं लावलं. ओमप्रकाशही तयार झाला. सुभद्रेने साफ सांगितलं, "बाबाच्या हातची झाडं जित्ती हायेत तोवर मी सही करत नाई." त्यावरून बहीणभावात असं फाटलं, की दोन राख्या अकोल्याहून पोस्टाने आल्या आणि पाकिटासकट फळीवर पडून राहिल्या.

म्हणून यंदा दिवाळीनंतर ओमप्रकाश बाजेवर शेजारी येऊन बसला आणि खाली बघत बोलू लागला, तेव्हा भगवंतरावांना भरून आलं.

"भगवंता, सुभीचंच खरं हाये. बाग विकायची नाई. मनोजले मी सांगून देल्लं."

"हे बरं केलंस."

"पण आता तिले कोण्या तोंडानं फोन करू? तू असं कर. यंदा पाखरं काढशीन तं जरा मोठ्या कागदावर काढ. मांगं झाडंबी येऊ दे. बाग दिसली पाह्यजे. मी तिले धाडतो. तुह्या चित्रावर तिचा लय जीव हाये."

"माझ्या?"

"नाई तं काय माह्या? ती म्हणते, भगवंतभाऊ खोटं काढत नाईत."

आपल्या चित्रांचा कुणाला काही उपयोग होईल, असं भगवंतरावांना आजवर वाटलं नव्हतं. आता त्या चित्रांनी बहीणभाऊ जवळ येणार होते. अमरावतीला जाऊन त्यांनी चांगला जाड कागद आणला. आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराशी भाव न करता.

संत्र्याला थंडीत ताण देतात. पाणी तोडायचं, झाडाला तहान लागू द्यायची. पानं मलूल होतात, कडेने वळतात, थोडी गळतातही. मग संक्रांतीच्या आगेमागे पाणी सोडलं, की झाड खडबडून जागं व्हावं तसं फुलतं, आणि सगळ्या शिवारात वास सुटतो. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं. म्हणून ओमप्रकाशने विहिरीवरची मोटर बंद केली, झाडांना पाणी नेणारे दांड कोरडे पडले, तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. बागेतला हौदही आटला. रंग कालवायला भगवंतराव घरून बाटलीत पाणी नेऊ लागले.

आणि काय सांगावं, ती थंडी त्यांना फार फळली. एरवी संत्र्याचं झाड म्हणजे हिरवागार गोळा. पाखरू आत शिरलं की संपलं, नुसता आवाज ऐकत बसायचं. यंदा पानं विरळ होत गेली तशी पाखरं उघड्यावर आली. छातीवर शेंदूर सांडल्यासारखी एक इवली माशीमार रोज त्याच फांदीवर येऊन शेपटी उडवायची. थिरथिरा कुंपणाच्या तारेवर बसून अंगभर थरथरायचा. भगवंतरावांचा हात कधी नव्हे तो मोकळा झाला. मलूल पानाचा तो राखी हिरवा रंग साधायला त्यांना आठवडा लागला, आणि साधला तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघून स्वतःलाच हळूच शाबासकी दिली. चित्र वाळलं की ओमप्रकाश ते गुंडाळून घेऊन जायचा. "वा! पान तं असं काढलं, का हातात घेतलं तं मोडन."

संक्रांत झाली. तिळगूळ झाला. पाणी सुटलं नाही.

"ओमप्रकाश, ताण तोडायचा नाही का रे?"

"आपली जमीन भारी हाये, काळी. ओल धरून ठेवते. हलक्या जमिनीवाल्यायनं घाई कराव. तू पुस्तकं वाच लेका, बाग माह्यावर सोड."

भगवंतराव ओशाळले. खरंच होतं. त्यांनी संत्र्यावर पुस्तकं वाचली होती, पण एक आळं म्हणून कधी केलं नव्हतं. मग एके सकाळी बांधापलीकडच्या बागेतून बहराचा वास आला. त्याही बागेची जमीन काळीच होती. ब्रश थांबला. त्यांना वाटलं, पुन्हा विचारावं. मग वाटलं, काय विचारणार, आणि कोण आपण? ओल्या दांडाने तुरुतुरु पळणारे धोबी पक्षी कधीच दिसेनासे झाले होते. हुदहुद गेला, सातभाईंचा गोंगाट गेला. शेवटी उरला एक खाटीक पक्षी. पार निष्पर्ण झालेल्या एका शेंड्यावर तो डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखा बसे, आणि सकाळचं ऊन खाली बुंध्यावर तिरपं पडे. ते चित्र भगवंतरावांनी एका बैठकीत काढलं. खाटीक शेपटीसकट पूर्ण आला. त्यांनी आजवर काढलेलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं, आणि ते संपवताना त्यांच्या मनात बागेचा विचार एकदाही आला नाही.

पुतणीचं लग्न अकोल्याला निघालं. भगवंतरावांनी मनात बेत केला की जातोच आहोत, तर सुभद्रेला भेटून यावं. ओमप्रकाशला त्यांनी हे सांगितलं नाही. लाज वाटली. आपण शाबासकी ऐकायला चाललोय हे त्याने ओळखलं असतं, आणि मग वर्षभर सोडलं नसतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ते तिच्या दारात उभे राहिले. सुभद्रेने त्यांना पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"या, भगवंतभाऊ. भेटाले आले, बरं केलं. माणूस गेल्यावर येतेत तसे आले."

भगवंतरावांना काही उमजलं नाही. त्यांनी भिंतींकडे बघितलं. चित्र कुठेच लावलेलं नव्हतं.

"लावले नाईत मी," ती म्हणाली. "सहन होत नाई. कपाटात ठेवले." तिने गुंडाळी काढली आणि सतरंजीवर एकेक कागद ओळीने मांडला. पहिल्यातल्या झाडावरून हात फिरवत म्हणाली, "ह्याच्यात पानं व्हते. पाहा. ह्याच्यात मान टाकली. ह्याच्यात गळले. अन् हा तं निस्ता खराटा."

"खाटीक आहे त्याच्यावर," भगवंतराव पुटपुटले.

"कुठी? हो, हाये बाप्पा. मले तं झाडच दिसलं."

मग तिने सगळं सांगितलं. दिवाळीनंतर ओमप्रकाशचा फोन आला होता. बागेत डिंक्या आला म्हणे. खोडाला चिरा पडतात, डिंक वाहतो, झाड वरून वाळत येतं. औषधं मारून थकलो. "मी म्हटलं, हा खोटं बोलून राहिला. सही पाह्यजे याले. तं मले म्हणते, माह्यावर इश्वास नाई ना, मंग भगवंताले काढाले लावतो. तो तं खोटं काढत नाई? अन् मंग तुमचे चित्र येत गेले. दर वेळेस झाड अजूक गेलेलं. शेवटी ह्या खोडावर डिंक दिसला, अन् मी दादाले फोन केला, म्हटलं घे बाप्पा, सही घे. उद्या जाऊन राहिली मोर्शीले."

"डिंक कुठे आहे?"

"हा काय." तिचं बोट बुंध्यावरच्या पिवळ्या तांबूस पट्ट्यावर होतं. त्या पट्ट्यासाठी भगवंतरावांनी कागद दोनदा ओला केला होता.

"ते ऊन आहे, सुभद्रा."

"आँ?"

"ऊन. सकाळचं. डिंक नाही. डिंक मी कुठंच पाहिला नाही." कागदांची ती रांग त्यांनी अशी एकत्र कधी पाहिली नव्हती. प्रत्येक चित्र वाळताक्षणी ओमप्रकाश घेऊन जात असे. आता ती सगळी समोर होती, आणि त्यात पाखरं शोधावी लागत होती. "रोग नाही आला. पाणी तोडलंय. थंडी पडल्यापासून मोटर बंद आहे."

सुभद्रेने तो कागद उजेडात धरून पाहिला.

"तुमी तं रोज तिथं व्हते," सुभद्रा म्हणाली.

"हो."

"मंग काहून नाई समजलं?"

"मला वाटलं, ताण आहे."

"ताण!" ती हसली. "संक्रांत होऊन किती दिवस झाले? संत्र्याच्या गावचे ना तुमी? विचारलं नाई?"

विचारलं होतं, हे त्यांच्या जिभेवर आलं, आणि तिथेच राहिलं. एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा का नाही विचारलं, याचं उत्तर समोर सतरंजीवर पडलं होतं. पानं गळत होती तेव्हा त्यांना पाखरं दिसत होती, आणि त्यांना पाखरं हवी होती.

"दादानं फसवलं ते मी समजू शकते," सुभद्रा कागद गोळा करत म्हणाली. "तो मले फसवन, हे मले माहीतच व्हतं. म्हणून तं मी त्याच्यावर इश्वास ठेवला नाई. तुमच्यावर ठेवला."

रात्री भगवंतराव पुतणीच्या मांडवातच झोपले. सकाळी सुभद्रा आणि ते एकाच एसटीने निघाले. अमरावतीला गाडी बदलली. पूर्ण वाटेत ती खिडकीकडे तोंड करून बसली. भगवंतरावांना वाटत होतं, अजून काहीतरी निराळं निघेल. मोटर खरोखर जळाली असेल. विहिरीला पाणी नसेल. ओमप्रकाश म्हणेल, अरे वेड्यांनो, आजच सोडणार होतो. मित्राची बाजू त्यांनी मनात इतक्या तऱ्हांनी मांडून पाहिली, की तितक्या तऱ्हांनी त्याने स्वतःही मांडली नसती.

ओमप्रकाश बागेतच होता. सहीला येणाऱ्या बहिणीसाठी त्याने धुतलेला सदरा घातला होता. मागे भगवंतराव दिसले, तसा त्याचा चेहरा क्षणभर पडला, पण लगेच त्याने तोंडभर हसून घेतलं.

"अरे, हे जोडी कुठी भेटली? बस भगवंता, बाज रिकामीच हाये तुही."

सुभद्रा त्याच्याशी बोलली नाही. सरळ पहिल्या झाडाशी गेली, पिशवीतून भाजीचा चाकू काढला आणि फांदीची साल नखाएवढी खरवडली. आत भुरकट. जरा खाली खरवडली. तिथेही भुरकट. ती दुसऱ्या झाडाकडे वळली. तिसऱ्या झाडाच्या बुंध्याशी साल निघाली, तेव्हा आत ओली, पोपटी रेघ दिसली.

"जित्तं हाये," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. मग ओळीने ती खरवडत गेली. काही झाडांशी थांबायची, काहींना हात लावून पुढे जायची. ओमप्रकाशचं हसू एकेका झाडाबरोबर उतरत गेलं. शेवटी त्याने भगवंतरावांकडे मोर्चा वळवला.

"काय सांगतलं बे तू तिले?"

"तू पाणी तोडलं, एवढंच."

"एवढंच!" ओमप्रकाश जवळ आला. तो रागावलेला नव्हता, हेच भगवंतरावांना सोसवेना. तो दुखावलेला होता. "इतकी वर्सं तुले बसाले जागा देल्ली. च्या देल्ला. तुह्या घरी कुत्रं भुंकाले नाई, तवा मी येऊन बसत होतो. अन् तू मले न सांगता अकोल्याले गेला?"

"तू माझ्या चित्रांचा..." भगवंतरावांना शब्द सापडेना. पुस्तकांत असे प्रसंग आले, की लोक कसे घडाघडा बोलतात. "माझा हात वापरलास तू, ओमप्रकाश. मी खोटं काढत नाही, म्हणून वापरलास."

"मंग? काय खोटं काढलं तू? पानं गळले नाईत का? झाड वाळलं नाई का? तू जे पाह्यलं ते काढलं, तू जे काढलं ते मी धाडलं. अन् खरं सांगू का, तुले बागेशी काय घेणं व्हतं रे? झाड हिरवं असो का लाकूड होवो, तुले पाखरू दिसलं का झालं. मी रोज पाह्यत होतो तुह्याकडं. मले वाटे, आज विचारन, उद्या विचारन. भेव वाटे मले. तू एकदा बोलला अन् मंग गप्प. मी म्हटलं, समजलं याले, अन् हा माह्या बाजूनं हाये."

भगवंतरावांना आता उमगलं. फसवणाऱ्याने आपल्याला सामील धरलं होतं, आणि रोज सकाळी त्याच्या शेजारी बसून चहा पिताना आपण ते नाकारलंही नव्हतं. ओमप्रकाशचं सगळंच खरं होतं, असं नव्हतं. पण त्याला नेमकं कुठे मारायचं हे माहीत होतं, आणि ते त्याला भगवंतरावांनीच इतक्या वर्षांत, एकेक मनातली गोष्ट सांगून, शिकवलं होतं.

तेवढ्यात विहिरीकडून मोटरचा आवाज आला. सुभद्रा मोटरच्या खोलीत शिरली होती. मोटर जळाली नव्हती, काही नव्हतं. बटण दाबलं आणि सुरू झाली. पाइपातून आधी गंजका फुसकारा आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. कोरड्या दांडातला पाला पुढे लोटत ते निघालं.

"सुभे, वकील थांबून हाये तिकडं," ओमप्रकाश ओरडला. "अन् हे अर्धे झाडं गेले. काय करशीन तू अर्ध्या बागेचं?"

"अर्ध्या बागेवर माह्यं नाव हायेच ना," ती म्हणाली. "जित्ते झाडं माह्या वाट्याचे समज."

ओमप्रकाश बाजेवर जाऊन बसला, त्यांच्याकडे पाठ करून.

पाणी पहिल्या ओळीच्या तोंडाशी आलं आणि तुंबून इकडेतिकडे पसरू लागलं. सुभद्रेने खोलीतलं फावडं उचललं, भगवंतरावांपुढे आणून धरलं. तिच्या चेहऱ्यावर क्षमा वगैरे काही नव्हतं.

"उभे काहून राहिले? दांड फोडा. आळ्यात जाऊ द्या पाणी."

भगवंतरावांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि फावडं धरलं. जड होतं. पहिला घाव मातीवर पडला, तो उथळ गेला. दुसऱ्याने दांड नको तिथे फुटला आणि पाणी वाळलेल्या झाडाकडे वळलं. त्यांनी हाताने चिखल ओढून ते अडवायला पाहिलं. बोटांमधून पाणी निसटत राहिलं. फावडं कसं धरायचं, माती कुठून ओढायची, पाणी आधी कोणत्या आळ्यात घ्यायचं, हे सगळं ठाऊक असलेला एकच माणूस तिथे होता. भगवंतरावांनी एकदा वर पाहिलं. त्याची पाठ तशीच होती. ते पुन्हा वाकले.